पिटुकला टोमॅटो एवढा गोड कसा, आणि बाल्कनीत नेमका कुठला लावायचा?

मागच्या थंडीत आमच्या मजल्यावरच्या काकूंना बाल्कनीतले आठ-दहा चेरी टोमॅटो वाटीत घालून दिले. संध्याकाळी वाटी परत करायला आल्या तर दारातच थांबल्या आणि आवाज बारीक करून म्हणाल्या, "खरं सांग हां, इंजेक्शन-बिंजेक्शन काही देतोस का रे याला? टोमॅटो कुठे एवढा गोड असतो?"

मी हसलो, पण नंतर वाटलं की काकूंचं काही चुकत नाहीये. आपण जन्मभर खाल्लेला टोमॅटो म्हणजे कोशिंबिरीतला पाणचट लाल तुकडा, आणि मॉलमध्ये काचेसारख्या डबीत हे गोट्यांएवढे टोमॅटो, दोनशे ग्रॅमला जवळजवळ मंडईतल्या किलोचा भाव, मग माणसाला संशय येणारच ना. त्यात २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये बातमी आली होती की चीनमधल्या शास्त्रज्ञांनी टोमॅटोचे दोन जीन बंद पाडले आणि फळातली साखर ३० टक्क्यांपर्यंत वाढली. ती बातमी अर्धवट वाचून बऱ्याच जणांच्या डोक्यात खिचडी झाली की गोड टोमॅटो म्हणजे लॅबमधला टोमॅटो.

तर आज जरा हे सगळं नीट सोडवून सांगतो. गोडी कुठून येते ते एकदा कळलं की बाल्कनीत कुठलं बी लावायचं याचं उत्तर त्यातूनच निघतं, आणि ते उत्तर बहुतेक लोक करतात त्याच्या बरोबर उलटं आहे.

आधी छोटाच होता, मोठा आपण केला

टोमॅटोचा रानटी पूर्वज अजूनही पेरू आणि इक्वाडोरच्या किनारपट्टीला उगवतो. त्याचं फळ वाटाण्याएवढं, वजन ग्रॅमभर. शेताच्या बांधावर कामोणीची काळी बारीक फळं लहानपणी तोडून खाल्ली असतील तर तेवढंच समजा, आणि कामोणी खरंच टोमॅटोच्या घरातलीच आहे, वांगं आणि बटाटासुद्धा त्याच घरातले. तिथून हे झाड वर मेक्सिकोपर्यंत गेलं, तिथल्या लोकांनी ते लावायला घेतलं, ज्या झाडाला जरा मोठं फळ आलं त्याचंच बी राखायचं असं पिढ्यानपिढ्या केलं आणि फळ शंभर पटीहून जास्त जड झालं. यातला एक जीन २००० साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या लोकांनी शोधून काढला, तो एकटा फळाच्या वजनात ३० टक्क्यांपर्यंत फरक पाडतो. चेरी टोमॅटो या प्रवासात मध्ये कुठेतरी आहे, रानटी वाटाण्याहून मोठा आणि मंडईतल्या टोमॅटोहून जुन्या वळणाचा.

म्हणजे लॅबमधला वगैरे म्हणायचंच असेल तर मोठ्या टोमॅटोला म्हणा. बाजारातल्या चेरीच्या जाती साध्या संकरातून आल्यात, एका झाडाचे परागकण दुसऱ्या झाडाच्या फुलाला लावायचे, बस. आणि ती चीनची बातमी? ते काम मोठ्या टोमॅटोवर होतं, मुद्दा हाच होता की फळ मोठंही राहावं आणि गोडही व्हावं. त्या झाडांत बिया जरा कमी आणि हलक्या झाल्या, बाकी उगवण नीट होती. जपानात २०२१ पासून जीन एडिट केलेला एक टोमॅटो विकतात हे खरं आहे, पण त्यात वाढवलाय तो गाबा नावाचा घटक, गोडी नाही. आपल्याकडे जीएम, म्हणजे बाहेरचा जीन घातलेलं पीक, म्हणून शेतकरी लावतो तो फक्त बीटी कापूस. काकूंच्या वाटीत यातलं काहीच नव्हतं.

मग गोडी येते कुठून? कमावणारे किती, खाणारे किती

झाडाकडे घर म्हणून बघा. पानं कमावतात, उन्हात बसून साखर बनवतात. फळं खातात. फळ स्वतः हिरवं असताना थोडंफार कमावतं पण ते पॉकेटमनीएवढंच, त्याचा मुख्य खर्च पानांच्या पगारावर चालतो. आता एका घरात कमावणारे तेवढेच आणि खाणारी तोंडं मोठी मोठी असतील तर काय होतं? आमटीत पाणी वाढतं. पाहुणे आले की आपण करतो तेच, डाळ तेवढीच आणि वर दोन तांबे पाणी. मोठा टोमॅटो म्हणजे ती पाहुण्यांची आमटी. झाड त्याला भरपूर पाणी पाजून फुगवतं, साखर मात्र होती तेवढीच त्यात पसरते. छोट्या फळाची वाटीच लहान, त्यामुळे आमटी घट्ट राहते.

हे मोजायचं माप म्हणजे ब्रिक्स. नाशिककडच्या द्राक्षवाल्यांना आणि साखर कारखान्यावर ऊस घालणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी एका वाक्यात: रसात विरघळलेला माल टक्क्यात किती ते म्हणजे ब्रिक्स, आणि त्यात मुख्य वाटा साखरेचा. छोट्या दुर्बिणीसारखं यंत्र असतं, काचेवर रसाचा थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. मंडईतला साधा टोमॅटो ४ ते ५ दाखवतो. चेरी ६-७ सहज आणि चांगली जात चांगल्या उन्हात ९ पर्यंत, कधी त्याच्याही वर जाते. द्राक्ष याच्या दुप्पट असतं म्हणून नाक मुरडू नका, जिभेला ५ आणि ८ मधला फरक लख्ख कळतो.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे: फळामागे पानं किती, यावर गोडी ठरते.

हिरवा खांदा गेला आणि चवही गेली

लहानपणीच्या गावाकडच्या टोमॅटोला देठाजवळ गडद हिरवा पट्टा असायचा, आठवतंय? पिकला तरी खांदा हिरवट-पिवळा राहायचा. विदर्भात आजीलोक भेदरं म्हणतात आणि त्याची चटणी करतात, ते बरेचदा असलेच खांदेवाले असायचे. आता मंडईत बघा, सगळे एका रंगाचे, रंगाच्या डब्यात बुडवून काढल्यासारखे. हा योगायोग नाहीये. साधारण सत्तर वर्षांपूर्वीपासून बियाणेवाल्यांनी मुद्दाम एकसारखे पिकणारे टोमॅटो निवडले कारण तोडणीला सोपं जातं, कधी तोडायचं ते लांबून कळतं. २०१२ मध्ये कळलं की या निवडीत जो जीन बिघडलेला आला तोच जीन कच्च्या फळात हरितद्रव्य भरायचं काम करतो. हरितद्रव्य कमी म्हणजे फळाचा तो पॉकेटमनी बंद, आणि साखर थोडी कमी. दिसणं सुधारलं आणि चव गेली, कुणी मुद्दाम केलं नाही पण झालं खरं. बऱ्याच जुन्या चेरी जातींना कच्चेपणी अजून हिरवा खांदा असतो, कुंडीत दिसला तर खूश व्हा.

नाक दाबून टोमॅटो खाऊन बघा

सिरियसली, करून बघा. नाक चिमटीत धरा, टोमॅटो चावा, फक्त आंबटगोड पाणी लागेल. मग नाक सोडा आणि एकदम टोमॅटो "येतो". म्हणजे जिभेला कळते ती साखर आणि आंबटपणा, बाकीचा टोमॅटो नाकाला कळतो, घशातून वर जाणाऱ्या वासाने. हे वास देणारे उडून जाणारे पदार्थ टोमॅटोत चारशेच्या वर आहेत आणि त्यातले वीस-पंचवीसच खरे कामाचे. त्यांची यादी वाचताना मला मजा वाटली कारण ओळखीची मंडळी निघाली. एकाला नुकत्याच कापलेल्या गवताचा वास आहे. एकाला गुलाबाचा. आणि एक आहे जेरानियल, तो म्हणजे गवती चहाच्या वासातला मोठा हिस्सा! चांगला टोमॅटो खाल्ल्यावर "काहीतरी फळासारखं" लागतं ना, ते हे लोक.

फ्लोरिडा विद्यापीठातल्या हॅरी क्ली यांच्या गटाने यावर बरीच वर्षं काम केलं. २०१७ मध्ये त्यांनी आणि चीनमधल्या सहकाऱ्यांनी मिळून ३९८ जाती तपासल्या आणि त्यात निघालं की आधुनिक जातींमध्ये चवीच्या वासांपैकी तेरा घटक जुन्यांपेक्षा बरेच कमी झालेत. त्यांचं आधीचं एक निरीक्षण मला त्याहून भारी वाटतं, की यातले काही वास साखर न वाढवताच गोडीचा भास वाढवतात. म्हणून ब्रिक्स सारखाच असलेल्या दोन टोमॅटोंतला एक गोड आणि दुसरा फिका लागू शकतो.

आंबटपणा राहिलाच. आंबट नसेल तर नुसती गोडी सपक लागते, मीठ नसलेल्या शिऱ्यासारखी (हो, शिऱ्यात चिमूटभर मीठ घालतात, घालत नसाल तर घाला). टोमॅटोत सायट्रिक आम्ल असतं, लिंबातलं तेच, आणि ते बियांभोवतीच्या बुळबुळीत जेलीत गरापेक्षा जास्त असतं, शिवाय रश्श्याला दाटसर चव देणारा ग्लुटामेटही तिथेच जास्त. चेरीत गर कमी आणि जेली जास्त, त्यामुळे एका घासात सगळं एकदम येतं. कोशिंबिरीसाठी बिया काढून टाकणारे लोक नेमकी चव बेसिनमध्ये ओततात, पण ते असो.

पाकिटावरची नावं, थोडी ओळख

ज्याच्यावरून जगभर बागवाले भांडतात तो म्हणजे सनगोल्ड. जपानच्या टोकिता या बियाणे कंपनीने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आणला, नारिंगी रंग, आणि चव म्हणजे आंबट-गोड फळांच्या मिक्स ज्यूससारखी, टोमॅटोपणा मागे आणि फळपणा पुढे. मी आजवर लावलेल्यांत याला पहिला नंबर देतो पण दोन तक्रारी आहेत. साल इतकी पातळ की एक दिवस पाणी जास्त झालं की तडकतो, आणि बी महाग, पाकिटात मोजून बिया. तो डबीत का दिसत नाही याचं उत्तरही पातळ सालीतच आहे, ट्रकमधून नेला तर पोचेपर्यंत चटणी.

स्वीट हंड्रेड आणि स्वीट मिलियन हे लाल, लांबच लांब घोस, नावाप्रमाणे गोड पण मला थोडे एकसुरी वाटतात. मुलांना मात्र हेच आवडतात. ब्लॅक चेरी तपकिरी-जांभळट दिसतो कारण पिकताना हिरवा रंग पूर्ण जात नाही आणि लालात मिसळतो. त्याची चव दाट, जराशी खारट-धुरकट वाटणारी, गोडीच्या शोधात असाल तर हा नाही, पण मीठ न लावता खायचा टोमॅटो म्हणाल तर हाच. यलो पेअर म्हणजे पिवळा, छोट्या नाशपातीच्या आकाराचा, फोटोत सगळ्यात देखणा आणि चवीला सगळ्यात पाणचट. मी फोटो बघूनच लावला होता, एक पूर्ण सीझन गेला.

डबीत लांबट अंडाकृती येतात ते ग्रेप टोमॅटो. तैवानच्या नोन-यू कंपनीच्या सांता जातीपासून नव्वदच्या दशकात अमेरिकेत यांची लाट आली. जाड साल, रस कमी, फुटत नाहीत, आठवडाभर टिकतात. डब्याला, प्रवासाला छान. चवीत गोल चेरीला मागे टाकत नाहीत असं माझं मत, साल दाताखाली चामड्यासारखी येते.

आपल्याकडच्या जाती लोक विसरतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले जयश्री ही चेरीच आहे. दिल्लीच्या पुसा संस्थेची पुसा चेरी टोमॅटो-१, लुधियानाच्या विद्यापीठाच्या पंजाब रेड चेरी, सोना चेरी (पिवळी) आणि केसर चेरी (नारिंगी). सनगोल्डची सर यांना चवीत येते असं मी म्हणणार नाही, पण पहिल्यांदा लावणाऱ्याने महागड्या दहा बियांवर जीव टाकण्यापेक्षा इथून सुरुवात करावी.

पण बाल्कनीत छोटंच झाड बरं ना?

सगळे इथेच फसतात. नर्सरीत टिनी टिम किंवा मायक्रो-टॉमसारखी फूटभराची गोंडस झुडपं असतात, कुंडीत मावतात, काठी लागत नाही, लालचुटुक फळांनी भरलेली, बाल्कनी छोटी म्हणून माणूस तेच उचलतो. मीही उचललं होतं. फळं आली, बघायला झकास, खाल्ल्यावर तोंडात काहीच नाही.

आता मघाची ती पानांची गोष्ट आठवा. टोमॅटोचे वाढीवरून दोन प्रकार पडतात. एक अमर्यादित वाढीचे, म्हणजे वेलासारखे वर वर जातच राहणारे. त्यांच्यात साधारण दर तीन पानांनंतर एक फुलांचा घोस येतो आणि शेंडा पुढे चालू राहतो. दुसरे मर्यादित वाढीचे, झुडपी. त्यांच्यात घोसांमध्ये एक-दोनच पानं असतात आणि शेवटी शेंडाच फुलात संपतो, मग वाढ बंद. हा झुडपीपणा १९१४ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका झाडावर आपोआप आला आणि मोठ्या शेतीला वरदान ठरला कारण सगळा माल एकदम तयार होतो. पण एकदम तयार होतो म्हणजे खाणारी सगळी तोंडं एकाच वेळी जेवायला बसतात, आणि कमावणारी पानं आधीच कमी. अतिबुटक्या झाडांत तर पानंही बारकी. मायक्रो-टॉम फ्लोरिडात कुंडीतली शोभा म्हणूनच तयार झाला आणि नंतर जगभरच्या प्रयोगशाळांनी उचलला कारण टेबलावर मावतो आणि पटकन बी देतो. खाण्यासाठी कुणी मागितलाच नव्हता.

म्हणून माझं सरळ म्हणणं, चवीसाठी लावताय तर बाल्कनीतही वेलवाला चेरीच लावा. जागा जमिनीवर कमी लागते, वर जास्त लागते, आणि वर जागा आपल्याकडे असते. कबुतरांसाठी लावलेली जाळी असेल तर सोन्याहून पिवळं, सुतळीने वेल त्या जाळीला चढवायचा. एक वेल, एक १५-२० लिटरची कुंडी किंवा ग्रो बॅग. तीन झुडपांच्या जागी एक वेल लावा पण कुंडी मोठी घ्या, छोट्या कुंडीतला वेल दुपारी रोज मान टाकतो आणि रोज मान टाकणारं झाड कमावणार काय?

ऊन मात्र सहा तास हवंच. उत्तरेची बाल्कनी असेल तर मी तरी सांगेन पुदिना लावा.

आपल्या हवेत कधी आणि कसं

युरोप-अमेरिकेतले व्हिडिओ बघून मार्चमध्ये बी टाकू नका. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी ते ठीक, त्यांचा टोमॅटो उन्हाळ्यातला. आपला थंडीतला. पारा दिवसा ३५ च्या पुढे गेला आणि रात्रीही उकडत असेल तर परागकण निकामी होतात, फूल येतं आणि देठापासून गळून पडतं, खत घालून काही होत नाही. शिवाय फार उष्णतेत लाल रंगद्रव्य बनत नाही म्हणून एप्रिल-मेमधले टोमॅटो केशरीच राहतात. पाऊस संपत आला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बी टाका, महिन्याभराने रोप मोठ्या कुंडीत, आणि संक्रांतीच्या आसपास पहिली वाटी. मुंबई-कोकणात थंडी उशिरा आणि थोडीच असते, तिथे ऑक्टोबर बरा. भर पावसात लावलात तर करपा येईल, पानं खालून काळी पडत वर जातात.

मातीत जास्त काही जादू नाही. माती, शेणखत किंवा गांडूळखत, थोडं कोकोपीट, मूठभर निंबोळी पेंड. युरियाचा मोह टाळा, झाड माजतं, नुसती हिरवीगार पानं आणि फुलाचा पत्ता नाही. (मग पानं जास्त म्हणजे गोडी जास्त असं म्हणालो त्याचं काय? खाणारं फळच नसेल तर कमाई कुणासाठी.) फुलं आल्यावर मी १५ दिवसांनी लिटरला ग्रॅमभर ०:०:५० घालून देतो, शेतीच्या दुकानात सुटं मिळतं, पालाश आणि गंधक असतं त्यात.

बगलफूट म्हणजे पान आणि खोड यांच्या बेचक्यात येणारा नवा फुटवा. एक किंवा दोन मुख्य फांद्या ठेवून बाकीची फूट लहान असतानाच खुडायची. पण "हवा खेळावी" म्हणून मोठी पानं सपासप कापणारे लोक असतात त्यांचं ऐकू नका, मातीला टेकणारी आणि रोगट तेवढीच काढा, बाकीची तुमची कमावती माणसं आहेत.

टोमॅटोच्या फुलात नर-मादी दोन्ही असतात, परागकण नळीत बंद असतात आणि हादरा बसला की मिठाच्या भांड्यातून मीठ पडावं तसे पडतात. वारा करतो, काही माश्या फुलाला धरून गुणगुणून करतात. अकराव्या मजल्यावर बंद बाल्कनी असेल तर सकाळी दहाच्या सुमारास घोसाला टिचकी मारा, किंवा जुना बॅटरीवाला टूथब्रश देठाला टेकवा. मला याचा फरक खूप दिसला.

आणि पाणी, ज्यात मी सगळ्यात जास्त चुकलोय. रोज सारखं हवं. दोन दिवस विसरलो आणि तिसऱ्या दिवशी अपराधी वाटून बादलीभर ओतलं की आतला गर फुगतो, सालीला तेवढं ताणता येत नाही, फळ तडकतं. फळं रंग धरायला लागली की पाणी हळूहळू थोडं कमी करा, म्हणजे दुपारी पानांची टोकं जरा झुकतील आणि संध्याकाळी परत उभी राहतील इतपतच. कलिंगडवाले शेवटच्या दिवसांत पाणी तोडतात त्यामागेही हाच विचार, आमटी आटवायची. जास्त ताणलंत तर झाड बसेल, तेव्हा हात राखून.

रोगांत एकच खरा खलनायक, पांढरी माशी. ती चावून झाड मरत नाही, ती लीफ कर्लचा विषाणू आणते, मग शेंड्याची पानं वाटीसारखी वळतात, पिवळी पडतात, वाढ खुंटते. याला औषध नाही. रोप उपटून फेकायचं, बाजूच्याला लागायच्या आत. म्हणून सुरुवातीलाच पिवळा चिकट सापळा टांगा आणि कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात मिसळून पानांच्या खालच्या बाजूने मारा. विदेशी चेरी जातींमध्ये या विषाणूला दाद न देणाऱ्या कमी, देशी जाती आधी लावा म्हणालो त्याचं आणखी एक कारण म्हणजे त्यांचं बी स्वस्त, एखादं रोप गेलं तरी रडू येत नाही.

"मग शेतकरी हेच का लावत नाहीत? आणि एवढं महाग का?"

हिशोब करा. मंडईतला टोमॅटो ८०-१०० ग्रॅमचा, किलोला दहा-बारा वेळा हात घालायचा. चेरी १५ ग्रॅमची, किलोला पासष्टच्या वर. तोडणीची मजुरी कितीपट झाली बघा. त्यात तो पिकलेलाच तोडावा लागतो, टिकत नाही, डबीत भरावा लागतो. नारायणगाव किंवा पिंपळगावच्या बाजारातून क्रेटच्या क्रेट दिल्लीला जाणारा माल रंग धरायला लागतानाच तोडलेला असतो, जाड सालीचा असतो, रस्त्यात पिकतो. त्याला चव नाही म्हणून शेतकऱ्याला शिव्या देऊ नका, त्याला पैसे वजनाचे मिळतात, ब्रिक्सचे नाही. द्राक्षाला गोडीवर भाव मिळतो तर गोडी मोजून तोडणी होते, टोमॅटोला असं कुणी विचारतच नाही.

तसंही आमटीला, साराला, पावभाजीला साधाच टोमॅटो बरा. सनगोल्डचं सार करणाऱ्या माणसाशी मी बोलणार नाही.

"शुगर आहे, चालेल का?"

गोड लागतो म्हणजे साखरेचा गोळा नव्हे. शंभर ग्रॅम चांगल्या चेरीत साखर ५-६ ग्रॅमच्या आसपास, आंब्यात १४ च्या आसपास. मूठभर चेरी म्हणजे फार काही नाही, बाकी तुमच्या डॉक्टरांनी जे पथ्य सांगितलंय ते पहिलं.

"फ्रीजमध्ये ठेवू का?"

नको, निदान खायच्या आधी तरी. २०१६ मध्ये त्याच फ्लोरिडाच्या गटाने दाखवलं की १२ अंशांच्या खाली टोमॅटो ठेवला की वास बनवणारे जीन झोपतात आणि बाहेर काढल्यावरही पूर्ण जागे होत नाहीत. साखर आणि आंबटपणा तसाच राहतो, वास जातो. म्हणजे फ्रीजमधला टोमॅटो म्हणजे नाक दाबून खाल्लेला टोमॅटो. ओट्यावर टोपलीत ठेवा. फार पिकले असतील आणि कुजायची भीती असेल तर फ्रीज चालेल, पण मग ते चटणीचे.

"यातलंच बी धरलं तर?"

पाकिटावर एफ-१ लिहिलं असेल तर ती पहिल्या पिढीची संकरित जात, म्हणजे दोन वेगळ्या झाडांचं मूल. त्या मुलाची पुढची मुलं त्याच्यासारखीच होतील याची खात्री नाही, एखादं आजोबांवर जाईल, एखादं आत्यावर. सनगोल्ड एफ-१ आहे. ब्लॅक चेरी नाही, त्याचं बी धरलं तर तसाच येतो. फुले जयश्री किंवा पुसाचं बी घेताना विचारून घ्या.

काकूंनी न विचारता प्रयोग केलाच होता. वाटीतले दोन सनगोल्ड तुळशीच्या कुंडीत चिरडून टाकले आणि मला सांगितलं नाही. पाच रोपं आली. एक लीफ कर्लने गेलं. एकाला लाल फळं आली, चांगलीच आंबट, एकाला नारिंगी पण बेचव, एकाला शेवटपर्यंत फुलंच नाहीत. पाचव्याला फिकट नारिंगी, जराशी मोठी फळं आली, सनगोल्डइतकी गोड नाहीत पण साल जाड आणि एकही तडकलं नाही, मी दोन दिवस पाणी विसरलो तसं त्या चार दिवस गावाला गेल्या होत्या तरीही. त्याचं बी मी मागून आणलंय, कागदावर वाळत घातलंय, या सप्टेंबरला लावणार आहे.